गुडघे दुखतात? मांडीकडे बघा!

"अगं, जरा हात दे गं..."

पहाटे साडेचारची वेळ. २०२१ सालची दिवाळी तोंडावर आलेली. सासूबाई संडासला गेल्या होत्या आणि बसल्या त्या त्यांना उठताच येईना. हात वर करून आतली कडी काढायलाच त्यांना पाच मिनिटं लागली. मी आणि माझ्या मुलीनं दोन बाजूंनी धरून त्यांना उभं केलं. सत्तरी ओलांडलेली ती बाई नातीसमोर मान खाली घालून उभी होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. नंतर कळलं की गेले कित्येक महिने त्या संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नव्हत्या, रात्री उठावं लागू नये म्हणून!

मैत्रिणींनो, आज जे लिहिणार आहे त्यात माझीच चूक जास्त आहे, ती आधी कबूल करते. २०१७ साली सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले. एक्स-रे काढला, 'झीज आहे' असं कळलं. झीज म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच गणित बसलं, की वापर कमी केला तर झीजही कमी होणार. मग मी त्यांना म्हणायला लागले, "आई, तुम्ही बसा." धान्य निवडणं, कपडे वाळत घालणं, तुळशीला पाणी घालणं, एकेक काम त्यांच्या हातातून काढून घेतलं. चहासुद्धा खुर्चीत. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी! मलाही ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? चार वर्षं मी त्यांना अशी 'सेवा' करून टीव्हीसमोर बसवून ठेवलं.

त्या पहाटेनंतर त्यांच्या पायाला तेल चोळताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. गुडघा मोठा दिसत होता, पण तो सुजलेला नव्हता. वरची मांडीच इतकी बारीक झाली होती की गुडघा उठून दिसत होता. कातडी नुसती लोंबत होती.

आम्ही बार्शीहून सोलापूरला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी मांडीला टेप लावली. मग सासूबाईंना साध्या खुर्चीवर बसवलं, हात छातीवर आडवे ठेवायला सांगितले आणि म्हणाल्या, "आजी, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठून बसता येतं बघू." सत्तरीतल्या बाईला ३० सेकंदांत दहापेक्षा कमी वेळा जमलं तर पायाची ताकद कमी धरतात. सासूबाईंना हात न लावता एकदाही उठता आलं नाही.

मॅडमनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मांडीच्या पुढच्या बाजूला जो मोठा स्नायू आहे, तो गुडघ्याचा खरा आधार. पाऊल टाकताना जो धक्का बसतो तो आधी हा स्नायू झेलतो आणि उरलेला सांध्यात जातो. गुडघा दुखायला लागला, त्यात पाणी झालं, की शरीर आपोआप त्या स्नायूला आवर घालतं, पूर्ण जोर लावूच देत नाही. मग तो वाळतो. वाळला की धक्का थेट सांध्यावर. म्हणून अजून दुखतं, म्हणून माणूस अजून बसून राहतो, म्हणून तो अजून वाळतो. माझं झिजेचं गणित गाडीच्या टायरला लागू होतं, माणसाला नाही! सांध्यातल्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. हालचालीनं दाब पडतो आणि सुटतो, तेव्हाच तिला आतल्या द्रवातून पोषण मिळतं.

झिजलेली गादी व्यायामानं परत येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण स्नायू परत येतो. कुठल्याही वयात येतो. हे ऐकून सासूबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

घरी येऊन मी उत्साहानं सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. मला वाटलं, व्यायाम म्हणजे चालणं. त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ भगवंताच्या देवळापर्यंत चालवलं. पाचव्या दिवशी गुडघा टम्म! मॅडम फोनवर रागावल्या. चालणं चांगलंच, पण मांडीत जीव नसताना एकदम लांब चालवलं तर गुडघाच मार खातो. आधी बसून, झोपून करायचे व्यायाम, मग उभ्यानं करायचे. म्हणून आम्ही पलंगावरून सुरुवात केली. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्यानं ती खाली दाबून पाच आकडे होईपर्यंत धरायची. मग पलंगाच्या कडेला बसून एक पाय सरळ समोर उचलून धरायचा. ओट्याला धरून टाचा वर करायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खुर्चीवरून उठबस. सुरुवातीला खुर्चीवर दोन गोधड्या घड्या घालून ठेवल्या, म्हणजे बैठक उंच होते आणि उठणं सोपं जातं. जमायला लागलं की एक गोधडी काढायची.

आकडे मोजायचे ते मोठ्यानं, कारण जोर लावताना श्वास रोखला की ब्लडप्रेशर चढतं. सासूबाई आकड्यांच्या जागी 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायच्या. श्वासही चालू राहायचा आणि नामस्मरणही! मॅडमना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, चालेल, फक्त दहा वेळा झाले का ते सूनबाईंनी मोजा.

एक गोष्ट मला नवीन होती. हे रोज करायचं नव्हतं, आठवड्यातून तीनच दिवस. जोर लावल्यावर स्नायूला बारीक बारीक इजा होते आणि मधल्या विश्रांतीच्या दिवशी तो भरून निघतो. दहा वेळा सहज जमायला लागलं की तेवढ्यावर थांबायचं नाही, वजन वाढवायचं. मी मुलाच्या जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवली, तिच्यात अर्धा किलो मीठ भरलं आणि नाडीनं घोट्याला बांधली. शंभर रुपयेही लागले नाहीत.

दोन महिने झाले. तुम्हाला वाटेल आता चमत्कार सांगणार. पण नाही. सासूबाई जास्तच थकायला लागल्या. दुपारी व्यायाम झाला की संध्याकाळी डोळे मिटून पडायच्या. वजन दोन किलोनं उतरलं. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, ह्या वयात आईला पहिलवान करताय का?" मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगते, मी सोडूनच देणार होते.

पुन्हा सोलापूर. मॅडमनी या वेळी एकच प्रश्न विचारला, "खातात काय?"

मी म्हटलं, साधंच, घरचं, पथ्याचं. "साधं म्हणजे काय? लिहा." मी कागदावर लिहायला लागले आणि लिहिता लिहिता मलाच लाज वाटायला लागली. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी एक भाकरी, पालेभाजी, पातळ आमटी. चारला परत चहा. रात्री वरणाच्या पाण्यात कालवलेला मऊ भात. त्यात सोमवार, दोन्ही एकादशा, संकष्टी मिळून महिन्यातले सात दिवस उपवास. त्या दिवशी साबुदाणा. मॅडमनी हिशेब केला तर दिवसाची प्रथिनं कशीबशी तीस ग्रॅम भरली.

किती हवीत? आपल्याकडे 'आयसीएमआर'नं २०२० साली ठरवलेलं प्रमाण असं, की निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. सासूबाई तेव्हा ५८ किलोच्या, म्हणजे साधारण ४८ ग्रॅम. आणि म्हातारपणी शरीर खाल्लेल्या प्रथिनांपासून स्नायू बनवायला कुरकुर करतं, म्हणून वय झालेल्यांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम द्यावीत असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. तीस ग्रॅमवर मी त्यांच्याकडून घोट्याला मीठ बांधून व्यायाम करून घेत होते! सिमेंट-वाळू न देता गवंड्याला नुसतंच 'भिंत बांध' म्हणण्यातला प्रकार.

मग उलटा प्रश्न मनात येतोच, की नुसतं चांगलं खाल्लं आणि व्यायाम नाही केला तर? याचं उत्तर मॅडमनी अमेरिकेतल्या एका प्रयोगाची गोष्ट सांगून दिलं. बॉस्टनमधल्या वृद्धांच्या एका संस्थेतला हा प्रयोग १९९४ साली छापून आला. शंभर अशक्त म्हातारी माणसं, सरासरी वय ८७. काहींना दहा आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम, काहींना रोज पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायाम केलेल्यांची पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. नुसतं पेय घेतलेल्यांना काडीचाही उपयोग झाला नाही. मला सगळ्यात गंमत वाटली ती पुढे. नुसतं पेय घेणारे तेवढं जेवण कमी जेवायला लागले, म्हणजे हिशेब जिथल्या तिथे. एकूण आहार वाढला तो फक्त पेय आणि व्यायाम दोन्ही असलेल्यांचा. अंग हललं तरच पोट मागतं, हे आपल्या आज्या सांगतच होत्या की!

आता घरात खरी लढाई सुरू झाली. सासूबाई माळकरी. अंडं, मासे यांचं नावही नको. ठीक. पण डाळीला आणि कडधान्यालाही त्या नाही म्हणायला लागल्या. "अगं, गुडघ्यात वात आहे. हरभरा, मटकी, वाटाणा सगळं वातूळ. खाल्लं की ठणकतं." इथे कितीतरी घरांत हेच होतं, बघा. सांधे दुखायला लागले की पहिल्यांदा कडधान्य बंद, मग दही बंद, रात्री दूध नको, कफ होतो. म्हणजे शाकाहारी बाईच्या ताटात प्रथिनांच्या जेवढ्या वाटा आहेत, तेवढ्या एकेक करून आपण बंद करतो आणि वर उपवास धरतो.

मी वाद घातला नाही. सत्तर वर्षांचा समज एका सुनेच्या भाषणानं जात नाही. मुगाला आणि कुळथाला त्यांची हरकत नव्हती, तिथून शिरकाव केला. सकाळी चहा-टोस्टच्या जागी मुगाचं धिरडं. वाटीभर भिजवलेल्या मुगाला काय लागतं? पन्नास ग्रॅम कोरड्या मुगात बारा ग्रॅम प्रथिनं मिळतात. भाताबरोबर पातळ पाणी नको, घट्ट वरण. आठवड्यातून दोनदा कुळथाचं पिठलं. शेंगदाण्याची चटणी आम्हा सोलापूरकडच्या माणसांना सांगावी लागत नाही, फक्त ती चिमूटभर न घेता दोन चमचे घ्यायची. दात नाहीत म्हणून फुटाणे चावत नव्हते, मग डाळ्याचं पीठ करून त्याचे लहान लाडू केले. दुपारी वाटीभर ताजं दही, ते 'आंबट नाही' म्हणून पटवलं. रात्री हळद घालून कपभर दूध. सगळं मिळून पन्नाशी पार झाली. एकाच वेळी ढीगभर खाऊन भागत नाही. तिन्ही वेळेला थोडं थोडं जायला हवं, कारण शरीर प्रथिनं साठवून ठेवत नाही.

उपवास सोडायला मी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. पण साबुदाण्यात जवळजवळ नुसती पिठूळ ताकद आहे, शंभर ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमही प्रथिनं नाहीत. खिचडीची अब्रू राखतो तो दाण्याचा कूट! म्हणून उपवासाला राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, दूध. देवाला चालतं, गुडघ्यालाही चालतं.

तिसऱ्या महिन्यात थकवा गेला. चौथ्या महिन्यात त्या हात न लावता खुर्चीतून एकदा उठल्या. 'विठ्ठल' म्हणून अशा जोरात ओरडल्या की शेजारच्या काकू धावत आल्या. आठव्या महिन्यात अर्ध्या मिनिटात सात वेळा. अजून दहा झालेले नाहीत, नऊवर गाडी अडली आहे. रात्रीसाठी आम्ही कमोडची खुर्ची आणली आहे, तीही लागते. एक्स-रे आहे तसाच आहे. थंडीत गुडघे कुरकुरतात. पण संध्याकाळचं पाणी सुरू झालं, याचंच मला फार वाटतं.

आता माझ्या थोरल्या जाऊबाईंबद्दल सांगायला हवं, कारण सगळा संधिवात झिजेचा नसतो. त्यांना आमवात आहे, डॉक्टर 'रुमेटॉइड' म्हणतात तो. यात शरीराची संरक्षणशक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते आणि अंगात जी दाहाची रसायनं फिरतात, ती स्नायूही खातात. वजनकाट्यावर फरक दिसत नाही, कारण गेलेल्या स्नायूच्या जागी चरबी येते. जाऊबाई म्हणायच्या, "मी कुठे वाळले? आहे तेवढीच आहे." पण पाण्याची कळशी उचलेना. शिवाय मधे दीड वर्ष त्या कुणाच्या तरी सांगण्यावरून एक बिननावाची पुडी घेत होत्या. पुडीनं दुखणं झटक्यात थांबायचं, म्हणून संशयही आला नाही. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं आणि जास्त दिवस घेतलेलं स्टिरॉइड स्नायू आणि हाडं दोन्ही पोखरतं. झटक्यात आराम पडणाऱ्या पुडीला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा. आणि घेत असाल तर मनानं एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवूनच कमी करा. एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

आमवातात वजनाचा व्यायाम चालतो का? ब्रिटनमधल्या वेल्समध्ये बँगोर विद्यापीठात २८ रुग्णांवर हे करून बघितलं, ते २००९ साली प्रसिद्ध झालं. निम्म्या लोकांनी २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा, वाढत्या वजनाचा व्यायाम केला. त्यांचा स्नायू वाढला, चरबी उतरली, आजार बळावला नाही. पण त्याच लोकांना तीन वर्षांनी तपासलं तेव्हा, व्यायाम सोडून दिल्यामुळे, कमावलेला स्नायू बहुतेक गेलेला होता. जाऊबाईंना मी हे मुद्दाम सांगितलं, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट 'कोर्स' वाटते, दहा दिवस घेतला की संपला. अर्थात आमवाताच्या गोळ्या चालू ठेवूनच हे करायचं, गोळ्यांऐवजी नाही. आणि सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवसांत त्या सांध्यावर वजन टाकायचं नाही, नुसता हळुवार हलवायचा.

साध्या दुखण्याचं माप असं, की व्यायामानंतर सांधा दोन तासांपेक्षा जास्त ठणकत राहिला तर पुढच्या वेळी वजन किंवा वेळा कमी करायच्या. स्नायू दुसऱ्या दिवशी जरा अंबला तर घाबरायचं नाही. किडनीचा त्रास असेल त्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. आणि वजन जास्त असलेल्यांनी एक लक्षात ठेवा. एक किलो वजन कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं कमी होतो, असं २००५ साली अमेरिकेतल्या अभ्यासात मोजलं आहे. पण ते उपाशी राहून कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो. भात-साखर-तेल कमी करा, वरण कमी करू नका.

२०२३ पासून आमच्या महिला मंडळात सोमवार-बुधवार-शुक्रवार बालवाडीच्या खोलीत दुपारी चारला आम्ही हे करतो. अकरा जणी येतात, लग्नसराईत चार. लाज हा मोठा प्रश्न होता. "सुना काय म्हणतील?" एका मावशींच्या मुलानं पुण्याहून प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणून दिला. त्यांनी तो कौतुकानं कपाटात ठेवला आणि स्वतः मात्र सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं वरण पाणी घालून वाढवून खात होत्या! पुरुषांना घट्ट वरण, मुलांना दूध, बाईला तळाचं पाणी. व्यायामापेक्षा हे बदलायला मला जास्त बोलावं लागलं. अजूनही लागतं.

पहिल्याच दिवशी बायकांनी मला खुर्चीत बसवलं, "ताई, तुमचं बघू आधी." मी दुसऱ्यांच्या मांड्या मोजत फिरणारी, हसतच बसले. अर्ध्या मिनिटात अकरा! साठी-बासष्टीच्या बाईकडूनही बाराची अपेक्षा असते आणि मी तेव्हा जेमतेम चव्वेचाळीसची. त्या दिवसापासून मीठाची दुसरी पिशवी शिवली.

परवा नणंद आली होती. मी चहा टाकायला उठले, तर सासूबाई म्हणाल्या, "बस तू." आणि हात छातीशी घेऊन उठल्या, नणंदेकडे एकदा बघितलं आणि आत गेल्या. चहात साखर नेहमीसारखीच दुप्पट होती.